गाळाने घडवलेले अभयारण्य

थंडी पडली की रविवारी कुठे जायचे, हा प्रश्न घरोघरी निघतो. नाशिककरांना त्याचे उत्तर निफाड तालुक्यातच सापडते : नांदूरमध्यमेश्वर. गोदावरी आणि कादवा यांच्या संगमाजवळ १९०७ ते १९१३ या काळात बंधारा बांधला गेला, तो शेतीच्या पाण्यासाठी. नद्यांनी मागे गाळ आणून टाकला, पाणी उथळ झाले, बेटे उभी राहिली, पाणवनस्पती माजल्या. पाटबंधाऱ्याच्या हिशेबात हे नुकसान. पक्ष्यांच्या हिशेबात मात्र पंगतच मांडली गेली. १९८६ मध्ये येथे अभयारण्य झाले आणि २०२० मध्ये महाराष्ट्रातील पहिले रामसर स्थळ होण्याचा मान त्याला मिळाला.

चापडगावच्या बाजूने पायवाटेने निरीक्षण मनोऱ्यांपर्यंत जाता येते. लडाख-तिबेटकडून हिमालय ओलांडून आलेला चक्रवाक तिथे दिसतो. चमचा, जांभळी पाणकोंबडी, शेकाट्या हेही भेटतात. पण मनोऱ्यावर आरडाओरडा करणारी, पक्षी उडावेत म्हणून टाळ्या पिटणारी मंडळीही मी अनेकदा पाहिली आहेत. उडणारा थवा छायाचित्रात छान दिसतो, हे खरे. मात्र परतीच्या लांब प्रवासासाठी पक्षी अंगात चरबी साठवत असतो. आपण त्याला विनाकारण उडवतो, तेव्हा ती शिदोरीच खर्ची घालतो.

मला वाटते, प्रश्न केवळ शांततेचा नाही. ज्या गाळाने आपली सहल रंगते, त्याची झळ दुसऱ्यांना बसते. गोदावरीला पूर आला की वरच्या अंगाची चांदोरी-सायखेडा ही गावे धास्तावतात. ऑगस्ट २०१९ मध्ये तिथे पाणी शिरलेच होते. गाळ काढा म्हणणारा शेतकरी पक्ष्यांचा वैरी नव्हे, त्याला घर-शेत वाचवायचे आहे. कुठला गाळ काढायचा आणि कुठली बेटे राखायची, हे त्याला सोबत घेऊनच ठरले पाहिजे. शिवाय शहराचे सांडपाणी नदीत जाते आणि त्यावर पाणवेली फोफावते. तो दोष गावाचा नाही, आपला आहे.

म्हणून मुलांना जरूर न्या, सकाळी लवकर न्या. दुर्बीण घ्या, भडक कपडे टाळा, वाटाड्या गावातलाच घ्या. आणि घरी आल्यावर आपल्या नगरसेवकाला एवढेच विचारा, की सांडपाणी शुद्ध होऊनच नदीत जाते ना? पाहुणे पक्षी दरवर्षी येतात. त्यांच्यासाठी पाणी नितळ ठेवण्याचे काम यजमानांचे आहे.