डिस्चार्ज कार्डावरून हरवलेली साखर

पाय मोडला म्हणून पन्नाशीचा एक माणूस रुग्णालयात दाखल होतो. शस्त्रक्रियेपूर्वीच्या तपासणीत रक्तातील साखर २४० निघते. ‘दुखण्याच्या ताणाने वाढली असेल,’ असे म्हणत इन्सुलिन दिले जाते, शस्त्रक्रिया पार पडते, आठवड्याने घरी सोडतात. डिस्चार्ज कार्डावर हाडाचा सगळा तपशील असतो, साखरेचा उल्लेखही नसतो. दोन-तीन वर्षांनी तोच माणूस पायाची न भरणारी जखम घेऊन परततो. वॉर्डात काम करणाऱ्यांना हे चित्र नवे नाही.

आयसीएमआरच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात दहा कोटींहून अधिक मधुमेही आहेत. अनेकांना आपला आजार ठाऊकच नसतो. दुसऱ्याच कारणाने रुग्णालयात येणे ही तो ओळखण्याची संधी असते.

ताणाने साखर वाढते हे खरे. आजारपणात शरीर कॉर्टिसोल, अ‍ॅड्रेनलिन ही संप्रेरके जास्त सोडते आणि ती इन्सुलिनच्या विरुद्ध काम करतात. पण हा केवळ ताण की जुना मधुमेह, हे अंदाजाने ठरवायचे नसते. एचबीए१सी ही चाचणी मागच्या दोन-तीन महिन्यांचा हिशेब सांगते. ती साडेसहा टक्के किंवा त्याहून अधिक आली, तर आजार बहुधा आधीपासूनचाच. मात्र रक्तक्षय असेल किंवा नुकतेच रक्त चढवले असेल, तर हा आकडा फसवा ठरू शकतो. म्हणून नमुना रक्त चढवण्यापूर्वीच घेतलेला बरा.

उपचारातही एक जुनी सवय सुटत नाही. साखर वाढलेली दिसली की इंजेक्शन, नाही तर काहीच नाही. अशाने साखर दिवसभर वरखाली होत राहते. इन्सुलिनचा मेळ रुग्णाच्या जेवणाशी घालावा लागतो. इंजेक्शन देऊन झाले आणि जेवणाची गाडी उशिरा आली, तर साखर ७० च्या खाली घसरून जिवावर बेतू शकते. अतिदक्षता विभागातील रुग्णांची साखर फार काटेकोरपणे खाली ठेवल्यास मृत्यू वाढतात, असे २००९ च्या एका मोठ्या आंतरराष्ट्रीय अभ्यासात दिसले. म्हणून तेथे बहुतेक रुग्णांसाठी १४० ते १८० ही मर्यादा योग्य मानतात.

स्टेरॉइड चालू असलेल्या रुग्णांची गोष्ट आणखी वेगळी. सकाळी गोळी घेतली की साखर दुपारनंतर चढते. फक्त उपाशीपोटी तपासणाऱ्याला ती सापडतच नाही. २०२१ मध्ये करोनानंतर म्युकरमायकोसिसने महाराष्ट्रात जे घडवले, त्यामागे अनियंत्रित साखर आणि स्टेरॉइड यांचा मोठा वाटा होता. उलट, बरेच दिवस घेतलेले स्टेरॉइड एकाएकी बंद केले, तर शरीराला स्वतःचे कॉर्टिसोल वेळेवर बनवता येत नाही. उलट्या होतात, रक्तदाब कोसळतो.

यावरचा उपाय महागडा नाही. दाखल होणाऱ्या प्रत्येकाची साखर तपासावी, वाढलेली असल्यास एचबीए१सी करावी आणि कार्डावर निदान, औषध व पुढची तारीख लिहावी. नातेवाइकांनीही घरी निघण्यापूर्वी विचारावे: साखर किती होती? मधुमेह आहे का? पुन्हा कधी तपासायची? वर्षानुवर्षांची नासाडी टाळणारे हे तीन प्रश्न आहेत.