समाधानाचा उपदेश कोणाला?

टंचाईच्या दिवसांत साधेपणाने व समाधानाने राहावे, असा उपदेश आपल्या धर्मग्रामांतून नेहमी होतो. पण तो आपण कोणाला करीत आहोत? डहाणूकडील सरावलीच्या परिसरात, तलासरीच्या पाड्यांत भातझोडणी उरकली की कुटुंबेच्या कुटुंबे वीटभट्टीची वाट धरतात. त्यांच्या नागलीच्या भाकरीला साधेपणाचे व्रत म्हणणे ही निव्वळ थट्टा होय. याच मुलखात लग्नापुरते कर्ज घेऊन वारली जोडपी सावकाराची ‘लग्नगडी’ होत आणि जन्मभर राबत. १९४५ साली ते उठले, ते समाधान मानून नव्हे!

पोप तेरावे लिओ यांनी १८९१ च्या ‘रेरुम नोव्हारुम’ या परिपत्रकात काटकसरी मजुराचा निर्वाह होईल एवढे वेतन हा न्यायाचा प्रश्न मानला. काटकसर त्यांनाही प्रिय होती, पण वेतनासह. आपण वेतन वगळले आणि काटकसर तेवढी ठेवली.

साधेपणा हवा तो आपल्या मांडवात. तिथे मात्र ऋण काढून रोषणाई, बँड आणि तीन दिवसांच्या पंगती! मग खर्चाची तोंडमिळवणी करताना पहिली कात्री लागते ती वाडीत चिकू तोडणाऱ्या बाईच्या रोजाला.