समुद्र हीसुद्धा अमानत

मध्य अमेरिकेत कॅरिबियन समुद्राच्या काठावर बेलीझ नावाचा चिमुकला देश आहे. लोकसंख्या साधारण चार लाख. त्याच्या किनाऱ्यालगत सुमारे ३०० किलोमीटर लांब प्रवाळांची रांग पसरली आहे. कासवे, समुद्रगायी आणि नाना जातींचे मासे तिच्या आश्रयाने जगतात. वादळाच्या लाटांचा जोर ती किनाऱ्याआधीच मोडते. मासेमारी आणि पर्यटन यांवर तिथल्या असंख्य घरांची चूल पेटते. १९९६ मध्ये युनेस्कोने या ठेव्याला जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली.

तरीही सरकारने समुद्रात तेल शोधण्याचे करार कंपन्यांशी परस्पर करून टाकले होते. लोकांना ते कळले, त्याच सुमारास, २० एप्रिल २०१० रोजी, मेक्सिकोच्या आखातात डीपवॉटर होरायझन या तेलफलाटावर स्फोट झाला. ११ कामगारांचे प्राण गेले आणि तेल ८७ दिवस समुद्रात वाहत राहिले. हेच आपल्या दारात घडले तर? बेलीझच्या लोकांना ही चिंता लागली.

त्यांनी सार्वमताची मागणी करत सह्या गोळा केल्या. हजारो सह्या अवैध ठरवून मागणी फेटाळली गेली. तेव्हा २०१२ मध्ये लोकांनी स्वतःच मतदान घेतले. २९ हजारांहून अधिक लोक आले आणि ९६ टक्क्यांनी तेलविहिरींना नकार दिला. पुढच्या वर्षी न्यायालयानेही हे करार रद्दबातल ठरवले. पर्यावरणावरील परिणाम तपासले नाहीत, हे त्यामागचे एक कारण. २०१७ च्या अखेरीस समुद्रातील तेलउत्खननावर कायद्याने बंदी आली. २०१८ मध्ये युनेस्कोने हे ठिकाण धोक्यातील वारशांच्या यादीतून काढले.

कोणी म्हणेल, तेलही अल्लाहचीच देणगी आहे. खरे आहे. आपल्या गाड्याही त्यावरच चालतात आणि मुंबईपासून दूर समुद्रात ‘बॉम्बे हाय’मधून १९७० च्या दशकापासून तेल निघते आहे. तेल काढणे हराम आहे असे कोणी म्हणत नाही. परंतु नफा मिळवण्याआधी नुकसान टाळावे, हा फिकहचा जाणता नियम आहे. तेल कधी ना कधी संपते. प्रवाळ हे सजीव आहेत आणि एकदा मेलेली रांग पुन्हा उभी राहायला अनेक दशके लागतात.

माणूस हा जमिनीवर खलिफा आहे, मालक नव्हे. अमानत सांभाळायची असते, उधळायची नसते. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी मदीनेचा परिसर हरम ठरवून तिथे शिकार आणि वृक्षतोड यांना मनाई केली. सामूहिक कामे आपसांत मशवरा करून करावीत, ही तर कुरआनची शिकवण आहे. बेलीझमध्ये करार परस्पर झाले, तेव्हा उणीव राहिली ती नेमकी याचीच.

आपल्या कोकणातही कितीतरी मुस्लिम घरे मासळीवर जगतात. उद्या एखाद्या मोठ्या प्रकल्पाची जनसुनावणी आपल्या गावात लागली, तर “आपल्याला त्यातले काय कळते?” म्हणून घरी बसू नका. कागद मागा, वाचा, प्रश्न विचारा. घरातल्या बायकांना आणि तरुण मुलांनाही सोबत न्या. अमानतीचा हिशेब आखिरतमध्ये प्रत्येकाला स्वतंत्रपणे द्यायचा आहे.