संशय म्हणजे पुरावा नव्हे!

नोएडात १६ मे २००८ रोजी आरुषीचा खून उघडकीस आला. पोलिसांनी घरगडी हेमराजवर संशय घेतला. दुसऱ्याच दिवशी त्याचे प्रेत त्याच इमारतीच्या गच्चीवर सापडले! मग बापाला अटक करून पोलिसांनी मेलेल्या मुलीच्या चारित्र्यावर जाहीर शिंतोडे उडवले. आईबापांना २०१३ साली जन्मठेप झाली. २०१७ साली अलाहाबाद उच्च न्यायालयाने पुरावा अपुरा ठरवून दोघांना सोडले. तरी आपल्याच बैठकांत ‘घरच्यांनीच केले’ असे छातीठोक सांगितले जाते. आम्ही विचारतो, कशाच्या आधारावर? गच्चीचे कुलूप वेळेवर न उघडणाऱ्यांना जाब कोणी विचारला? हेमराजचे तर नावही कोणी घेत नाही. समाजबांधवहो, अफवा थांबवा, तपासाचा हिशेब मागा!