‘पिशवी काढली’ म्हणजे नेमकं काय काढलं?

आमच्या बचत गटाची बैठक महिन्यातून एकदा असते. हिशेब होतो, वहीवर सह्या होतात आणि चहा आला की खऱ्या गप्पा सुरू होतात. अशाच एका बैठकीनंतर एक जण मागे रेंगाळली. वय असेल छत्तीस-सदतीस. सगळ्या गेल्यावर तिनं पदराखालून घडी पडलेला एक कागद काढला आणि म्हणाली, “ताई, तुम्ही शिकलेल्या. एवढं वाचून सांगता का? दीड वर्ष झालं पिशवीचं ऑपरेशन होऊन. तेव्हापासून अंगातून नुसत्या वाफा निघतात. रात्री झोप नाही. गुडघे धरतात. सासू म्हणते, कामाचा कंटाळा आलाय हिला.”

तो दवाखान्याचा डिस्चार्ज कार्डाचा कागद होता. ऑपरेशनच्या रकान्यात डॉक्टरी अक्षरात लिहिलं होतं, ‘टीएएच, बीएसओ’. मी बी. ए. झालेली बाई. इंग्रजी अक्षरं वाचता आली, अर्थ काही लागला नाही. शेवटी आमच्या गल्लीतल्या निवृत्त सिस्टरांकडे दोघी गेलो. त्यांनी चष्मा लावला, कागद वाचला आणि हळूच विचारलं, “बाळा, तुला सांगितलं होतं का, दोन्ही बाजूची अंडाशयंपण काढलीत म्हणून?”

ती आमच्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, “मला पिशवी काढायची एवढंच सांगितलं होतं. मग पिशवीत अजून काय काय होतं?”

तिचा हा प्रश्न तेव्हापासून माझ्या मनातून जात नाही. मैत्रिणींनो, आपल्याकडे सगळंच ‘पिशवी’ असतं. गर्भाची पिशवी, पित्ताची पिशवी, लघवीची पिशवी. बायका ‘पिशवी काढली’, ‘पिशवी धुतली’, ‘पिशवीला सूज आहे’ असं बोलतात आणि समोरचीही मान डोलावते. कुठली पिशवी, तिच्यासोबत काय गेलं, काय राहिलं, याचा पत्ता दोघींनाही नसतो.

दुसऱ्याला कशाला नावं ठेवू? माझ्याच घरातली गोष्ट सांगते. साठी उलटल्यावर आमच्या सासूबाईंना अंगावरून जायला लागलं. मी त्यांना घेऊन दवाखान्यात गेले. “आधी काही ऑपरेशन झालंय का?” डॉक्टरीणबाईंनी विचारलं. मी मोठ्या तोऱ्यात सांगितलं, “हो, माझ्या लग्नाआधीच त्यांची पिशवी काढलीय.” त्या बुचकळ्यात पडल्या. गर्भाशय नाही तर हे रक्त येतंय कुठून? मग पोट तपासताना त्यांना जुन्या टाक्यांचा व्रण दिसला. तो होता वर, उजव्या बरगडीखाली. सोनोग्राफी झाली. गर्भाशय जागच्या जागी होतं आणि काढलेली पिशवी होती पित्ताची! डॉक्टर सावध होत्या म्हणून बरं. पाळी बंद झाल्यावर पुन्हा रक्त दिसलं तर त्याची तपासणी व्हायलाच हवी असते, आणि मी तर चुकीची माहिती देऊन त्यांना भलत्याच वाटेला लावत होते. सुदैवाने सासूबाईंचं पुढे सगळं नीट निघालं. पण त्या दिवशी मला माझ्या पदवीची लाज वाटली.

तेव्हापासून सिस्टरांच्या पाठी लागून मी ही नावं समजून घेतली. आणि खरं सांगते, ती दिसतात तेवढी अवघड नाहीत. आपल्या सुश्रुतसंहितेत शस्त्रकर्माचे आठ प्रकार सांगितले आहेत: छेद्य, भेद्य, लेख्य, वेध्य, एष्य, आहार्य, विस्राव्य आणि सीव्य. म्हणजे कापून काढणं, चीर देणं, खरवडणं, टोचणं, शोध घेणं, ओढून काढणं, वाहू देणं आणि शिवणं. हातानं काय केलं, त्यावरून नाव. आजच्या डॉक्टरी नावांचीही तीच रीत आहे, फक्त शब्द ग्रीक आणि लॅटिन. नावाच्या पहिल्या भागात अवयव असतो आणि शेपटीत काम.

शेपट्या मोजून पाच-सहाच. ‘टॉमी’ म्हणजे चीर देणं. लॅपरोटॉमी म्हणजे पोट उघडणं. ‘एक्टॉमी’ म्हणजे कापून बाहेर काढणं. ‘ऑस्टॉमी’ म्हणजे नवीन तोंड तयार करणं. आतड्याच्या आजारात पोटावर वाट करून देतात ती कोलोस्टॉमी. ‘प्लास्टी’ म्हणजे दुरुस्ती किंवा आकार देणं. हर्नियावर जाळी बसवतात ती हर्निओप्लास्टी, हृदयाची रक्तवाहिनी फुग्याने रुंद करतात ती अँजिओप्लास्टी. आणि ‘स्कोपी’ म्हणजे बघणं.

टॉमी आणि एक्टॉमी यांत माझा नेहमी गोंधळ व्हायचा. तो आमच्या गटातल्या एकीनं सोडवला. ती म्हणाली, “ताई, सोपं आहे. नावात ‘एक’ ऐकू आलं की समजायचं, अंगातलं एक काहीतरी गेलं!” आता आमच्या गटात हे सगळ्यांना पाठ आहे. अपेंडिसेक्टॉमी, अपेंडिक्स गेलं. टॉन्सिलेक्टॉमी, टॉन्सिल गेले. कोलेसिस्टेक्टॉमी, पित्ताची पिशवी गेली. ‘कोले’ म्हणजे पित्त आणि ‘सिस्ट’ म्हणजे पिशवी. हिस्टरेक्टॉमी, गर्भाशय गेलं. साल्पिंगेक्टॉमी, गर्भनलिका गेली. ‘साल्पिंक्स’ म्हणजे तुतारी, त्या नळीचा आकार तसा असतो. ऊफोरेक्टॉमी, अंडाशय गेलं.

पण नुसतं ‘एक’ ऐकून थांबू नका, त्याच्या आधीचा शब्दही ऐका. मायोमेक्टॉमी आणि हिस्टरेक्टॉमी कानाला सारख्याच वाटतात. पहिलीत फक्त फायब्रॉइडची गाठ निघते आणि गर्भाशय राहतं. दुसरीत गर्भाशयच जातं. तसंच स्तनाचं. लंपेक्टॉमीत गाठ आणि तिच्या भोवतीचा थोडा भाग काढतात, मास्टेक्टॉमीत पूर्ण स्तन. कुणाला कुठलं योग्य ते आजारावर ठरतं, डॉक्टरच ते सांगणार. पण असे दोन पर्याय असतात हे ज्या बाईला माहीतच नाही, ती विचारणार तरी काय?

आता त्या कागदावरच्या नावाकडे येते. ‘टीएएच’ म्हणजे टोटल अ‍ॅबडॉमिनल हिस्टरेक्टॉमी. इथे ‘टोटल’ या शब्दाने फसायला होतं. टोटल म्हणजे सगळंच काढलं असं आपल्याला वाटतं. तसं नाही. टोटल म्हणजे गर्भाशय त्याच्या मुखासकट काढलं. मुख ठेवून वरचा भाग काढला तर ती सबटोटल. मुख राहिलेलं असेल तर तिथल्या कर्करोगाची तपासणी पुढेही करत राहावी लागते. ‘पिशवी काढली, आता कसली तपासणी’ असं म्हणून चालत नाही. अंडाशयांचा तर टोटलशी काही संबंधच नाही. ती काढली असतील तर वेगळं लिहावं लागतं. ते ‘बीएसओ’, म्हणजे दोन्ही बाजूच्या नलिका आणि अंडाशयं काढणं. पाळी नैसर्गिकपणे जाण्याआधी दोन्ही अंडाशयं काढली की शरीरातली संप्रेरकं एकदम कमी होतात. मग अंगातून वाफा येतात, झोप उडते, हाडं ठिसूळ होऊ लागतात. आमच्या त्या मैत्रिणीला कामाचा कंटाळा आला नव्हता. छत्तिशीतच तिच्यावर पन्नाशी आली होती, आणि ते तिला कुणी सांगितलं नव्हतं. त्यावर उपचार असतात, तेही तिला ठाऊक नव्हतं.

आणखी दोन शब्द नेहमी कानावर पडतात. एक ‘क्युरेटिंग’. आपण त्याला पिशवी धुणं म्हणतो. धुण्याचा त्यात काही संबंध नाही. गर्भाशयाचं तोंड थोडं रुंद करून आतलं अस्तर खरवडून काढतात. सुश्रुताच्या भाषेत लेख्य. आजाराचं कारण शोधण्यासाठी ते केलं असेल, तर खरवडलेलं तपासायला पाठवतात. त्याचा रिपोर्ट किती जणींनी मागून घेतला? दुसरा शब्द ‘दुर्बिणीचं ऑपरेशन’. लॅपरोस्कोपीत छोट्या छिद्रांतून दुर्बीण आत घालतात. पण दुर्बीण हा झाला आत जायचा रस्ता. आत जाऊन काय केलं ते वेगळंच. नुसतं बघितलं, नळ्या बंद केल्या की गर्भाशय काढलं? ‘दुर्बिणीचं आहे, काही नाही त्यात’ असं कुणी म्हणालं तर विचारा, “दुर्बिणीतून काय करणार?”

आणि जाता जाता, ‘व्हॅसेक्टॉमी’ हेही एक नाव आहे बरं का! पुरुषाची नसबंदी. बाईच्या नसबंदीपेक्षा सोपी आणि कमी धोक्याची. पण हे नाव आपल्या घरांतून फारसं ऐकू येत नाही.

गर्भाशयासाठीचा ग्रीक शब्द ‘हिस्टेरा’. त्याच शब्दापासून ‘हिस्टेरिया’ आला. बाईच्या नाना दुखण्यांचं मूळ तिच्या गर्भाशयात असतं, अशी जुन्या काळी तिकडे समजूत होती. हसू येतं ना? पण आपल्याकडे आजही कंबर दुखली, पांढरं गेलं, पोटात कळ आली की घरचेच म्हणतात, “दोन मुलं झालीत, आता काय करायचीय पिशवी? काढून टाक एकदाची.” समजूत तीच, फक्त भाषा बदलली.

या समजुतीची किंमत काय असते ते बीड जिल्ह्याने दाखवलं. २०१९ साली राज्य शासनाने डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. ८२ हजारांहून अधिक ऊसतोड महिलांची पाहणी झाली, त्यात १३ हजारांहून अधिक जणींचं गर्भाशय काढलेलं आढळलं. पाळीच्या दुखण्यानं खाडा झाला तर मुकादम पैसे कापणार, फडात ना आडोसा ना पाणी, आणि वर ‘काढलं नाही तर कॅन्सर होईल’ ही भीती. एप्रिल २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अनावश्यक गर्भाशय शस्त्रक्रिया रोखण्यासाठीच्या केंद्राच्या मार्गदर्शक सूचना तीन महिन्यांत स्वीकारा, असं सगळ्या राज्यांना सांगितलं.

माझा राग ऑपरेशनवर नाही. कर्करोग असेल, औषधांनी न थांबणारा रक्तस्राव असेल, अंग बाहेर येत असेल, तर हेच ऑपरेशन बाईला जगवतं, तिचं जगणं सुसह्य करतं. चांगले डॉक्टर मी पाहिलेत, कागदावर चित्र काढून समजावणारे. माझं म्हणणं एवढंच, की जिच्या अंगावर सुरी चालणार तिला त्या ऑपरेशनचं नाव आणि अर्थ आधी माहीत हवा.

आणि ही मेहेरबानी नाही, हक्क आहे. २००८ साली सर्वोच्च न्यायालयाने एका प्रकरणात हे स्पष्ट केलं. दिल्लीतल्या एका चव्वेचाळीस वर्षांच्या बाईला दुर्बिणीच्या तपासणीसाठी भूल दिली होती. ती बेशुद्ध असताना बाहेर थांबलेल्या तिच्या आईची संमती घेऊन तिचं गर्भाशय आणि अंडाशयं काढली गेली. न्यायालय म्हणालं, ही संमती चालणार नाही. जिवाला तातडीचा धोका नव्हता, बाई सज्ञान होती, तिला शुद्धीवर येऊ देऊन विचारता आलं असतं. तपासणीची संमती म्हणजे अवयव काढण्याची संमती नव्हे. विचार करा, आपल्याकडे बाहेर बाकावर बसलेल्या नवऱ्याच्या किंवा दिराच्या सहीवर काय काय होत असेल!

म्हणून ऑपरेशनआधी एवढं विचाराच. ऑपरेशनचं पूर्ण नाव काय? त्यात काय काढणार आणि काय ठेवणार? औषधाने किंवा दुसऱ्या मार्गाने भागेल का? थांबलं तर काय होईल? घाई नसेल तर दुसऱ्या डॉक्टरांचा सल्ला घ्या, सरकारी रुग्णालयातही तो मिळतो. संमतीचा कागद कोरा असेल तर सही करू नका. समजेल अशा भाषेत वाचून दाखवा म्हणा. घरी येताना डिस्चार्ज कार्ड आणि काढलेल्या भागाचा तपासणी रिपोर्ट मागून घ्या. आपले कागद मागितले तर ७२ तासांच्या आत देणं डॉक्टरांवर बंधनकारक आहे. महाराष्ट्रात तर २०२१ पासून नर्सिंग होममध्ये रुग्णहक्कांची सनद दर्शनी भागात लावण्याचा नियम आहे. दिसली नाही तर विचारा, कुठे लावलीय?

आमच्या गटाच्या वहीत आता हिशेबाच्या मागच्या पानांवर आणखी एक नोंद असते. प्रत्येकीचं नाव, कधी, कुठलं ऑपरेशन झालं, काय काढलं, काय आहे. मराठीत, स्वच्छ अक्षरात. जिची इच्छा असेल तिचंच, आणि वही कपाटात कुलपात. पहिली नोंद तिचीच आहे, त्या कागदवालीची. आता ती उपचार घेते आहे, झोपही लागते थोडी. नोंद करताना ती म्हणाली, “ताई, कळलं असतं तरी कदाचित मी नाही म्हटलं नसतं. पण एकदा विचारलं तरी असतं.”

आज दुपारी कामं उरकली की कपाटातली ती जुनी फाइल काढा. आपली, आईची, सासूबाईंची. ऑपरेशनचा रकाना वाचा. कळलं नाही तर पुढच्या वेळी दवाखान्यात तो कागद डॉक्टरांसमोर ठेवा आणि विचारा, “यातलं माझं काय गेलं आणि काय राहिलं?”