निवास आणि अभिजन

वडील मंडळी १९६२ सालच्या गोष्टी सांगूं लागलीं म्हणजे बहुधा सोन्याची गोष्ट प्रथम निघते. त्या वर्षीं २० ऑक्टोबरास चीनशीं युद्ध जुंपलें, आणि संरक्षण निधीसाठीं गृहिणींनीं हातांतल्या पाटल्या-बांगड्या काढून दिल्या. यशवंतराव चव्हाण मुख्यमंत्रिपद सोडून संरक्षणमंत्री झाले, याचाही अभिमान आपल्या लोकांस अद्यापि आहे, व तो रास्तच आहे. परंतु त्याच नोव्हेंबरांत आसामांत जें घडलें, तें आपल्या घरांत क्वचितच बोललें जातें.

आसामांत माकूम म्हणून गांव आहे. एकोणिसाव्या शतकांत चहाच्या मळ्यांसाठीं आणलेल्या चिनी कामकऱ्यांचे वंशज तेथें पिढ्यान्‌पिढ्या नांदत होते. कित्येकांच्या घरीं आसामी सुना होत्या. त्यांना, आणि दार्जिलिंग, कालिंपोंगकडील त्यांच्यासारख्यांना, पोलिसांनीं घरांतून उठवून आगगाडीनें राजस्थानांतील देवलीच्या छावणींत नेलें. सारीं मिळून माणसें सुमारें तीन हजार. त्यांत वृद्ध आलीं, तान्हीं मुलें आलीं. चीननें २१ नोव्हेंबरास युद्ध थांबविलें. छावणी मात्र १९६७ पर्यंत चालली. मागें राहिलेलीं घरें-दुकानें शत्रूची मालमत्ता म्हणून लिलावांत गेलीं.

हें सर्व कायद्यानेंच झालें. मनुष्य येथें जन्मलेला, येथला नागरिक असला, तरी त्याचे आईबाप वा आजाआजी शत्रुराष्ट्राचे असतील तर त्याला परकीय लेखावें, अशी तरतूद त्या सालीं झाली. पाणिनीनें 'निवास' आणि 'अभिजन' यांसाठीं निरनिराळीं सूत्रें केलीं आहेत: आपण राहतों तो निवास, पूर्वज राहत ते अभिजन. वैयाकरणानें जो भेद राखिला तो कायद्यानें पुसला.

युद्धकाळीं राज्यकर्त्यांनीं गाफील राहावें असें आम्ही म्हणत नाहीं. ज्याच्या वर्तनाचा संशय येईल त्याची चौकशी अवश्य व्हावी. पण व्याह्यांशीं कज्जा लागला म्हणून वीस वर्षें घरांत नांदलेल्या सुनेच्या पेटीला कुलूप घालणारा सासरा आपण कोणत्या नांवानें ओळखूं? आणि तिच्या मुलांना?

देवलीहून सुटलेलीं कांहीं कुटुंबें पुढें कॅनडांत स्थायिक झालीं. भारत सरकारानें क्षमा मागावी, अशी तेथील मंडळींची मागणी आहे. ती पुरविण्यास सरकारास एक कवडीही खर्च पडणार नाहीं.