तुम्ही ‘कॅन्सल’ दाबता, तेव्हा कर्नल काय करतं? एका ‘वॉर्निंग’मुळे अख्खा सर्व्हर बंद का पडू शकतो?

मोठा व्हिडिओ कॉपी होतोय आणि अर्ध्यावर तुम्ही ‘कॅन्सल’ दाबता. तुमच्यासाठी विषय संपतो, पण ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यात, म्हणजे कर्नलमध्ये, आवराआवर तेव्हा सुरू होते. अँड्रॉइड फोन लिनक्स कर्नलवर चालतात आणि इंटरनेटवरचे बहुतेक सर्व्हरही. त्यामुळे ही आवराआवर नीट होणं तुमच्या-आमच्या कामाचं आहे.

काम रद्द होणं म्हणजे बिघाड का?

नाही. लिनक्समध्ये काम अपुरं राहण्याच्या प्रत्येक कारणाला क्रमांक असतो. मध्येच थांबवलं तर 4, रद्द केलं तर 125, जागा संपली तर 28 आणि डिस्कवर लिहिता-वाचता आलं नाही तर 5. यातले पहिले तिन्ही प्रकार रोजचेच आहेत. अशा वेळी फाइलसिस्टिमने अडवलेली जागा मोकळी करायची, लावलेली कुलुपं काढायची आणि अ‍ॅपला तो क्रमांक कळवायचा. बस्स.

मग वॉर्निंगचा प्रश्न कुठे येतो?

कर्नलमधलं ‘वॉर्न’ हे ‘असं कधी घडायलाच नको होतं’ हे डेव्हलपरला सांगण्यासाठी असतं. एरवी त्याची नोंद होते आणि काम पुढे चालू राहतं. पण काही मशीनवर ‘पॅनिक ऑन वॉर्न’ ही सेटिंग चालू असते. चुकीचा डेटा लिहिला जाण्यापेक्षा मशीन थांबलेलं बरं, हा त्यामागचा विचार. तिथे पहिल्याच वॉर्निंगला सगळं ठप्प होतं.

आता समजा, रद्द झालेल्या कामावरही कोडने ‘वॉर्न’ दिलं, तर? एका युजरने अ‍ॅप बंद केलं म्हणून सगळ्यांचा सर्व्हर बसेल. म्हणूनच कर्नलची नियमावली सांगते, की युजरच्या कृतीने सहज घडू शकतं, तिथे ‘वॉर्न’ वापरू नका. फेब्रुवारी 2024 पासून कर्नलची टीम सुरक्षा-त्रुटींना स्वतः सीव्हीई क्रमांक देते. त्यात अशा वॉर्निंगही असतात.

मग गप्प बसणं चांगलं का?

तेही महागात पडतं. 2018 मध्ये पोस्टग्रेस या डेटाबेसच्या डेव्हलपरांना एक धक्का बसला. डिस्कवर लिहिणं फसलं, की लिनक्स ती चूक एकदा कळवायचं, पण मेमरीतला तो डेटा ‘लिहून झाला’ असं धरायचं. डेटाबेसने पुन्हा विचारलं, की उत्तर यायचं, ‘सगळं ठीक’. डेटा मात्र डिस्कवर पोहोचलेलाच नसायचा. फेब्रुवारी 2019 मध्ये पोस्टग्रेसने पद्धत बदलली. आता पहिल्याच अपयशाला तो थांबतो आणि स्वतःच्या नोंदवहीवरून डेटा परत उभा करतो.

थोडक्यात काय?

- रद्द झालेलं काम: गाजावाजा न करता आवरा.
- डिस्कची चूक: अ‍ॅपपासून लपवू नका.
- ‘वॉर्न’: कोडच चुकलाय, अशाच वेळी.

आणि तुमच्यासाठी: कॉपी पूर्ण झाल्याचं दिसलं, तरी काही डेटा अजून मेमरीतच असू शकतो. म्हणून पेनड्राइव्ह ‘इजेक्ट’ करूनच काढा. मूळ फाइल डिलीट करण्याआधी नवी कॉपी एकदा उघडून बघा.